गिंबल बेअरिंग वाजायला लागलं तर : स्टर्नड्राइव्ह बोटमालकांसाठी माहितीपत्रक

"मागून घरघर येतेय, बेअरिंग तेवढं बदलून टाका, शनिवारी पाहुणे आहेत." असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो : बेलो, म्हणजे शाफ्टवरचा रबरी भाता, शेवटचा कधी बदलला होता? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. त्या शांततेपोटीच हे पत्रक छापलं आहे.

यात जे लिहिलंय ते मर्क्रूझरच्या अल्फा आणि ब्राव्हो ड्राइव्हबद्दल. व्होल्व्हो पेंटाची मांडणी वेगळी आहे, त्याबद्दल समक्ष बोलू. मालवण-तारकर्लीकडे पर्यटकांच्या बहुतेक बोटींना आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन, असतो. त्यात हे बेअरिंगच नसतं, तेव्हा त्या मंडळींनी हा कागद शेजाऱ्याला दिला तरी चालेल.

हे बेअरिंग असतं कुठे?

स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत आणि पाय, म्हणजे पंखा फिरवणारा ड्राइव्ह, बाहेर. मध्ये ट्रान्सम, म्हणजे बोटीची मागची उभी भिंत. इंजिनाची ताकद पायापर्यंत पोचवायची तर या भिंतीला भोक पाडावंच लागतं, आणि ते भोक पाण्याच्या पातळीखाली असतं. त्यातून एक शाफ्ट बाहेर जातो. पाय डावी-उजवीकडे वळतो, वर-खाली होतो, म्हणून शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट असतात, ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टला असतात तसेच. जॉइंटच्या अलीकडे, भिंतीला धरून, शाफ्टला आधार देणारं बेअरिंग म्हणजे गिंबल बेअरिंग. जॉइंटवरून घड्याघड्यांचा रबरी बेलो चढवलेला असतो, लोहाराच्या भात्याचा धाकटा भाऊ म्हणा. बेलोच्या बाहेर समुद्र, आत हवा.

म्हणजे समुद्र आणि तुमचं बिल्ज, म्हणजे बोटीचा आतला तळ, यांच्यामध्ये काही मिलिमीटर जाडीचं रबर उभं आहे. ते फाटलं की पाणी आधी बेलोत भरतं, बेअरिंगला बुडवतं आणि मग बेअरिंगमधून पाझरत बोटीत येतं. बेअरिंगला सील असतं, पण ते ग्रीस आत ठेवण्यासाठी. समुद्र बाहेर ठेवणं हे त्याचं काम नाही.

आवाज ओळखायचा कसा?

बोट ट्रेलरवर किंवा क्रेनवर असताना पायाला पाण्याचे मफ (नळाचं पाणी पायात सोडणारे रबरी कप) लावा, नळ पूर्ण सोडा आणि इंजिन न्यूट्रलमध्ये मंद चालवा. पाण्याशिवाय एक मिनिटसुद्धा नको. अल्फामध्ये पाणी ओढणारा इंपेलर पायातच बसवलेला असतो आणि तो कोरडा फिरला की जळतो. न्यूट्रलमध्येही हा शाफ्ट फिरत असतो, कारण गिअर त्याच्या पुढे आहेत. म्हणून न्यूट्रलमध्ये ऐकू येणारी, जात्यासारखी एकसुरी घरघर म्हणजे संशय गिंबलवर. आता कुणाला तरी स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना फिरवायला सांगा. घरघरीचा सूर बदलला तर संशय पक्का होतो. त्याऐवजी वळवताना टक्-टक् असे ठोके आले तर बहुधा युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस गेलेत. आणि न्यूट्रलमध्ये सगळं गप्प, पण गिअर टाकल्यावरच आवाज, तर गिंबलला सोडा. पायातलं तेल काढून बघायला हवं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी तिथे शिरलंय, ते दुखणं निराळं.

आमचे जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिंबल हाउसिंगला टेकवतात आणि मूठ कानाच्या हाडाला लावतात. चांगलं बेअरिंग नुसतं सळसळतं. गेलेलं बेअरिंग खडी चावल्यासारखं ऐकू येतं. हा प्रयोग घरी करायला हरकत नाही, फक्त सैल शर्ट आणि गळ्यातलं काही फिरत्या पट्ट्यांजवळ नको.

पाय वर उचलून इंजिन रेस करून ऐकू नका. त्या कोनात चांगले जॉइंटसुद्धा ओरडतात आणि थोड्या वेळाने खरोखरच जातात.

काम कसं होतं

पायाचं तेल काढतो, पाय वर-खाली करणारे ट्रिमचे दोन्ही सिलिंडर सोडवतो आणि गिअर ठरलेल्या जागी आणतो : अल्फा असेल तर फॉरवर्ड, ब्राव्हो असेल तर न्यूट्रल. हे चुकलं की शिफ्टची जोडणी अडकते, आणि जोर लावणाऱ्याच्या हातात तुटका तुकडा येतो. मग सहा नट. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या बोटीचे हे सहा नटच कधीकधी अर्धी सकाळ खातात. पाय मागे सरकून बाहेर आला की शाफ्ट आणि जॉइंट त्याच्यासोबतच येतात.

या क्षणी आम्ही मालकाला बोलावतो, शक्य असेल तर. गेल्या पावसाळ्यात एका बोटीचा पाय ओढला तेव्हा बेलोतून तांब्याभर तपकिरी पाणी जमिनीवर सांडलं. बेअरिंगच्या तोंडाशी ग्रीसच्या जागी ओल्या तपकिरीसारखा गंजाचा लगदा होता. बोट घालून आतली रिंग फिरवली तर ती अडखळत, दाताखाली वाळू आल्यासारखी फिरत होती. मालक म्हणाले, "पण आवाज तर दोनच महिने येतोय." आवाज दोन महिन्यांचा असेल, बेलोच्या तळच्या घडीतली चीर त्याहून जुनी होती. घडी बोटांनी उघडेपर्यंत ती दिसतही नव्हती.

जुनं बेअरिंग तीन नख्यांच्या स्लाइड हॅमर पुलरने ओढून काढावं लागतं. ते त्याच्या गोलाकार कॅरिअरसकट बाहेर आलं पाहिजे. घाईत नुसतं आतलं बेअरिंग फोडून काढलं की कॅरिअर भिंतीत अडकून राहतो, आणि मग लोक ग्राइंडर घेतात. हाउसिंग ॲल्युमिनियमचं आहे. त्यावर एकदा चरा पडला की नवं बेअरिंग तिथे कधीच घट्ट बसत नाही. अशी खरवडलेली दोन हाउसिंग आमच्या शेल्फवर ठेवली आहेत, विश्वास नसेल त्याला दाखवायला.

नवं बेअरिंग ज्या जागी बसायचं ती स्वच्छ करून, योग्य ड्रायव्हरने सरळ आत ठोकतो. बाहेरच्या टॉलरन्स रिंगची फट हाउसिंगमधल्या ग्रीसच्या भोकासमोर यावी लागते, नाहीतर पुढे तुम्ही कितीही ग्रीस मारा, ते बेअरिंगपर्यंत पोचणार नाही. पाइपाचा तुकडा आणि घण घेऊन तिरकं ठोकलेलं बेअरिंगही आम्ही पाहिलंय. नवं कोरं, आणि एक हंगामही टिकलं नव्हतं.

बेलो : इथे आम्ही ऐकत नाही

बेअरिंग बदलायचं तर बेलो बदलायचाच. मजुरीचा मोठा भाग पाय उतरवण्या-चढवण्याचा असतो, तो दोन्हींना एकच पडतो. जुना बेलो ठेवून वाचवलेले पैसे पुढच्या वर्षी दुप्पट मजुरीने जातात. मधल्या काळात बोट बुडाली नाही तर, एवढंच. त्यामुळे जुन्या बेलोवर नवं बेअरिंग बसवून देणं आम्ही बंद केलं आहे. काही गिऱ्हाइकं यावरून नाराज होऊन गेली, ते आम्हाला मान्य आहे.

सोबत शिफ्ट केबलचा छोटा बेलोही बदलतो. तो फाटला तरी पाणी बोटीतच येतं. एक्झॉस्टचा बेलो फाटला तर बोटीत पाणी येत नाही. तो कसा आहे ते बघून मग ठरवतो.

अलाइनमेंट

बेअरिंग मरण्याचं दुसरं कारण म्हणजे इंजिन आणि गिंबल एका रेषेत नसणं. इंजिनाचे रबरी माउंट वर्षांगणिक दबतात, किंवा मागे कुणीतरी इंजिन उतरवून अंदाजाने परत ठेवलेलं असतं. रेष चुकली की नवं बेअरिंगही वाजू लागतं आणि इंजिनाच्या मागच्या, शाफ्टला इंजिनाशी जोडणाऱ्या कपलरचे दाते खाल्ले जातात. कपलर गेला की इंजिन रेस होतं आणि बोट जागची हलत नाही. हे मांडव्याच्या वाटेवर, उधाणाच्या पाण्यात घडलेलं कुणालाच नको असतं.

तपासणी साधी आहे. एक लांब पोलादी अलाइनमेंट बार बाहेरून बेअरिंगमधून कपलरमध्ये सरकवायचा. दोन बोटांच्या जोराने तो आत जायला आणि बाहेर यायला हवा. टोकाला ग्रीस लावून आत घातलेला बार बाहेर काढला की ग्रीसमध्ये दात्यांचे ठसे उमटतात. ठसे चारी बाजूंनी सारखे हवेत. एकाच बाजूला खोल असतील तर पुढचे माउंट वर-खाली करून पुन्हा बघायचं. कधी दोन फेऱ्यांत होतं, कधी दहा लागतात. बिलात ही ओळ वेगळी दिसेल. कृपया ती कापायला सांगू नका.

पाय परत चढवताना गॅस्केट आणि ओ-रिंग नवे, शाफ्टच्या दात्यांना कपलरचं ग्रीस, आणि सहाही नट टॉर्क रेंचने 68 न्यूटन-मीटरला, जुन्या मापात 50 फूट-पाऊंडला. झिंक किंवा ॲल्युमिनियमचे अॅनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) निम्म्याहून जास्त झिजलेले असतील तर तेही तेव्हाच बदलतो.

बोट पाण्यात सोडली तरी क्रेनचे पट्टे लगेच काढत नाही. ट्रान्समच्या आतल्या बाजूला, खाली, कोरडं वर्तमानपत्र पसरून अर्धा तास थांबतो. कागदावर एक ओला ठिपका जरी आला तरी बोट परत वर.

तुमच्या हातात काय आहे

पाण्यात उभ्या बोटीचा पाय खाली ठेवा. वर उचलून ठेवला की बेलो एका बाजूने ताणलेला आणि दुसऱ्या बाजूने दुमडलेला राहतो. पण आपल्या बंदरात आणि खाड्यांत पाय खाली म्हणजे महिन्याभरात त्यावर बार्नेकलची, म्हणजे चिकटून वाढणाऱ्या कवचवाल्या जीवांची, वस्ती, हेही खरं. बेलोच्या घडीत त्यांचं कवच धरलं की पाय वर-खाली करताना ते ब्लेडसारखं रबर कापतं. यावर सोपा उपाय नाही. बोट वरचेवर बाहेर काढून हाताने, लाकडी पट्टीने घड्या साफ करायच्या. लोखंडी पत्रा वापरू नका, आणि प्रेशर वॉशरची धार सरळ बेलोवर नको. ओहोटीला चिखलात बसणाऱ्या जागी स्टर्नड्राइव्ह बोट बांधू नका, भाडं कमी असलं तरी.

ग्रीसचं निप्पल गिंबल हाउसिंगच्या उजव्या बाजूला असतं. दर 50 तासांनी किंवा हंगामाच्या सुरुवातीला मरीन ग्रीसचे मोजके स्ट्रोक पुरेत. जास्त मारलेलं ग्रीस बेलोत साचतं आणि फिरत्या जॉइंटमुळे सगळीकडे उडतं. काही नवी बेअरिंग कायमची सीलबंद येतात, त्यांना ग्रीस लागतच नाही. तुमच्यात कोणतं बसवलंय ते आम्ही बिलावर लिहून देतो.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा वाहतूक थांबते, बोटी वर येतात. बेलो बोटांनी उघडून बघायला याहून चांगला काळ नाही, आणि आमच्याकडे तेव्हा जागाही असते. ऑक्टोबरमध्ये सगळे एकदम येतात आणि मग आम्हालाच दोन आठवडे थांबा म्हणावं लागतं.

फोन करण्याआधी पायावरच्या आणि इंजिनावरच्या सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. पाट्या गंजून वाचता येत नसतील तर बोट यार्डात आल्यावर आम्ही बघून घेऊ, पण मग सुटे भाग मागवायला एक-दोन दिवस जास्त धरा.