राष्ट्राध्यक्षीय नामनिर्देशन (अमेरिका)

अमेरिकेत मंत्री, राजदूत, संघीय न्यायाधीश आणि वरिष्ठ सरकारी अधिकारी यांच्या जागांसाठी राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो आणि सिनेट त्याला संमती देते किंवा नाकारते. या घटनात्मक पद्धतीला राष्ट्राध्यक्षीय नामनिर्देशन म्हणतात. घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदातील दुसऱ्या कलमात तिचा आधार आहे. तिथे राजदूत, इतर राजनैतिक प्रतिनिधी, वाणिज्यदूत आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांचा नावानिशी उल्लेख असून ‘सल्ला आणि संमती’ हे शब्द याच कलमातले आहेत. कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या नेमणुका राष्ट्राध्यक्ष, न्यायालये किंवा खातेप्रमुख यांच्यावर सोपवण्याची मुभा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, आहे.

संमतीच्या या अधिकाराची चर्चा निघाली की लोकांच्या डोळ्यांपुढे फेटाळलेली नावे येतात. प्रत्यक्षात मतदानात पडलेली नावे फारच थोडी आहेत. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत मंत्रिपदासाठीची नऊच नामनिर्देशने सिनेटने सरळ मतदानाने फेटाळलेली मानली जातात. सिनेटची खरी ताकद थांबवून धरण्यात आहे. नाव समितीत पडून राहते, सुनावणीची तारीख लागत नाही, एखादा सिनेटर हरकत घेऊन बसतो आणि खुर्ची रिकामी राहते. ही पद्धत समजून घ्यायची तर मतांच्या आकड्यांइतकेच या वाट पाहण्याकडेही लक्ष द्यावे लागते.

उगम : १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिली जात असताना बराच काळ मसुद्यात राजदूत आणि न्यायाधीश नेमण्याचा अधिकार एकट्या सिनेटकडे होता. सप्टेंबरमध्ये, काम संपत आले असताना, नाव राष्ट्राध्यक्षाने सुचवावे आणि संमती सिनेटने द्यावी अशी तडजोड झाली. घटनाकारांपैकी एक अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी घटनेच्या समर्थनार्थ निघालेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या ७६व्या लेखात तिची बाजू मांडली. निवड एकाच माणसाने केली तर जबाबदारीही त्याच्यावरच येते, आणि ते नाव दुसऱ्यांपुढे जाणार आहे हे ठाऊक असले की नात्यागोत्यातल्या किंवा मर्जीतल्या माणसाला पुढे करताना तो दहादा विचार करतो, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार होते.

नवे सरकार सुरू होऊन काही महिनेच झाले होते, तेव्हा ऑगस्ट १७८९ मध्ये सिनेटने पहिला नकार दिला, आणि तोही जॉर्ज वॉशिंग्टन यांना. जॉर्जियातील सव्हाना बंदरावर जकातीच्या कामासाठी त्यांनी बेंजामिन फिशबर्न यांचे नाव पाठवले होते. जॉर्जियाचेच सिनेटर जेम्स गन यांना ते नको होते आणि सिनेटने त्यांचा शब्द राखला. वॉशिंग्टन यांनी दुसरे नाव पाठवले. सोबतच्या पत्रात मात्र, पसंत नसलेल्या नावाबद्दल आपल्याला आधी विचारले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी सिनेटला सुनावले. आपल्या राज्यातल्या नेमणुकीबाबत तिथल्या सिनेटरचा मान राखायचा, हा संकेत इथून रुजला. संघीय न्यायाधीशांच्या बाबतीत तो निळ्या चिठ्ठीच्या रूपाने आजही टिकून आहे : संबंधित राज्याच्या सिनेटरांकडे निळ्या कागदावर विचारणा जाते आणि जिल्हा न्यायाधीशाच्या बाबतीत ती चिठ्ठी परत आली नाही तर नाव सहसा पुढे सरकत नाही.

सनद : संमती मिळाली तरी नेमणूक पुरी होत नाही. राष्ट्राध्यक्षाने सनदेवर, म्हणजे नेमणूकपत्रावर, सही करायची आणि मग तिच्यावर सरकारी मुद्रा उमटवायची, हा शेवटचा टप्पा असतो. अमेरिकेच्या घटनेतला सर्वांत गाजलेला खटला याच कागदावरून उभा राहिला. १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी पायउतार होताना विल्यम मार्बरी यांना राजधानीत शांतता न्यायाधीश (किरकोळ तंटे सोडवणारा कनिष्ठ न्यायाधीश) नेमले. सिनेटची संमती मिळाली, सही झाली, मुद्राही उमटली, पण सनद पोचवायची राहून गेली आणि नव्या सरकारने ती अडवून ठेवली. पोचवण्याचे काम ज्यांच्याकडे होते ते परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल पुढे सरन्यायाधीश म्हणून हाच खटला ऐकायला बसले. १८०३ च्या निकालाने घटनाबाह्य कायदा रद्द ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार प्रस्थापित झाला. मार्बरी यांना मात्र ते पद मिळाले नाही.

पदांची लूट आणि गारफिल्ड : एकोणिसाव्या शतकात निवडणूक जिंकलेला पक्ष टपाल कचेरीपासून वकिलातीपर्यंत आपली माणसे बसवीत असे. नव्या राष्ट्राध्यक्षाच्या दारात नोकरी मागणाऱ्यांची रीघ लागे. चार्ल्स गिटो हा त्यांतलाच एक. प्रचारातल्या आपल्या भाषणामुळेच जेम्स गारफिल्ड राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले, अशी त्याची समजूत होती आणि पॅरिसच्या वाणिज्यदूताची जागा आपला हक्क आहे असे तो धरून बसला होता. परराष्ट्र खात्यात खेटे घालूनही नकारच मिळाल्यावर २ जुलै १८८१ रोजी त्याने वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ सप्टेंबरला ते वारले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्क बंदराच्या जकात वसुली अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांनी गारफिल्ड यांच्याशी भांडण मांडून राजीनामा दिला होता. म्हणजे नेमणुकांच्या वादाने ते वर्ष आधीच तापलेले होते. जानेवारी १८८३ मध्ये पेंडल्टन कायदा झाला, खालच्या नोकऱ्या हळूहळू परीक्षेने आणि गुणवत्तेने भरल्या जाऊ लागल्या. वरच्या जागा मात्र राष्ट्राध्यक्ष आणि सिनेट यांच्यामध्येच राहिल्या.

आजची कार्यपद्धती : राष्ट्राध्यक्ष बदलला की राजकीय नेमणुकीच्या सुमारे ४,००० जागांचा प्रश्न येतो. त्यांपैकी १,३०० च्या आसपास जागांना सिनेटची संमती लागते. सेनाधिकाऱ्यांच्या आणि परराष्ट्र सेवेतल्या बढत्यांच्या याद्याही सिनेटपुढे जातात, त्या वेगळ्या. नाव जाहीर होण्याआधी उमेदवाराला शंभराहून अधिक पानांचा सुरक्षा तपासणीचा अर्ज भरावा लागतो. त्यात गेल्या दहा वर्षांतले राहण्याचे पत्ते आणि नोकऱ्या, परदेश प्रवास, परदेशी नागरिकांशी असलेले संबंध असे सगळे असते. एफबीआय ही केंद्रीय तपास संस्था चौकशी करते. १९७८ च्या शासकीय नीतिमत्ता कायद्यानुसार मालमत्ता, समभाग आणि कर्जे उघड करावी लागतात आणि पदाच्या आड येणारे समभाग विकावे लागतात.

नाव सिनेटमध्ये पोचते ते आजही कागदावर आणि माणसाच्या हातून. व्हाइट हाऊसचा कारकून सभागृहाच्या दाराशी येतो. संदेश आल्याची घोषणा होते, तो लवून नमस्कार करतो, राष्ट्राध्यक्षांनी लेखी संदेश देण्यास सांगितले आहे एवढे एक वाक्य बोलतो आणि पाकीट सुपूर्द करतो. मग नावाला क्रमांक मिळतो आणि ते समितीकडे जाते. राजदूताचे नाव परराष्ट्र संबंध समितीकडे, न्यायाधीशाचे न्यायविषयक समितीकडे. अधिवेशन संपेपर्यंत किंवा तीस दिवसांहून मोठ्या सुटीआधी निर्णय झाला नाही आणि सिनेटने एकमताने सूट दिली नाही, तर ते राष्ट्राध्यक्षाकडे परत जाते आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

अडवणुकीवर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत नियम भराभर बदलले गेले. चर्चा थांबवण्यासाठी पूर्वी साठ मते लागत. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने सर्वोच्च न्यायालय वगळता सर्व नावांसाठी ही अट साध्या बहुमतावर आणली. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकनांनी सर्वोच्च न्यायालयासाठीही तेच केले. २०१९ मध्ये दुय्यम पदांवरची कमाल तीस तासांची चर्चा दोन तासांवर आली आणि २०२५ च्या शरद ऋतूत दुय्यम पदांची व राजदूतांची नावे गठ्ठ्याने मंजूर करण्याची सोय झाली. प्रत्येक बदल त्या त्या वेळच्या बहुमताला सोयीचा होता आणि प्रत्येक वेळी बारकाईने पाहण्याची संधी थोडी कमी झाली. शंभरावर नावे एका मतदानात मंजूर होतात, तेव्हा हॅमिल्टन यांनी अपेक्षिलेला वचक उरतो का, हा प्रश्न गंभीर आहे.

दुसऱ्या बाजूला, एकट्या सिनेटरची हरकत किती जड जाते हे २०२३ मध्ये दिसले. अलाबामाचे टॉमी ट्यूबरव्हिल यांनी संरक्षण खात्याच्या गर्भपातविषयक प्रवासखर्चाच्या धोरणाला विरोध म्हणून चारशेहून अधिक लष्करी बढत्या फेब्रुवारीपासून डिसेंबरपर्यंत अडवल्या. त्या अधिकाऱ्यांचा त्या धोरणाशी काडीचा संबंध नव्हता. बदलीच्या गावी घर घ्यायचे की नाही, मुलांची शाळा बदलायची की नाही, हे त्यांच्या कुटुंबांना महिनोन्‌महिने ठरवता येत नव्हते.

जागा रिकामी असताना १९९८ च्या कायद्याप्रमाणे ठरावीक मुदतीसाठी, साधारणपणे २१० दिवस, हंगामी अधिकारी काम पाहू शकतो. सिनेटच्या सुटीत परस्पर नेमणूक करण्याची घटनेतली वाट २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अरुंद झाली. दहा दिवसांपेक्षा लहान सुटी त्यासाठी सहसा पुरेशी नाही, असे न्यायालयाने म्हटले.

राजदूत : राजदूताच्या बाबतीत सिनेटआधी आणखी एक संमती लागते, ती यजमान देशाची. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात ती बंधनकारक आहे आणि नकाराचे कारण देण्याची यजमानावर सक्ती नाही. अमेरिकी राजदूतांत परंपरेने बहुसंख्य परराष्ट्र सेवेत आयुष्य घालवलेले असत. उरलेल्यांत राष्ट्राध्यक्षाचे विश्वासू असतात, आणि निवडणुकीला मोठ्या देणग्या देणारेही. १९५७ मध्ये सिलोनसाठी (आजच्या श्रीलंकेसाठी) नाव आलेले मॅक्सवेल ग्लक हे रिपब्लिकन पक्षाचे देणगीदार होते. सिनेटर फुलब्राइट यांनी त्यांना सिलोनच्या पंतप्रधानांचे नाव विचारले. त्यांना बंदरनायके हे नाव सांगता आले नाही. भारताच्या पंतप्रधानांचे नाव ठाऊक आहे, पण उच्चारता येत नाही, असे ते म्हणाले. तरीही ते राजदूत म्हणून कोलंबोला गेले. १९८० च्या परराष्ट्र सेवा कायद्याने राजदूताला त्या देशाची भाषा, इतिहास आणि संस्कृती यांची उपयुक्त जाण असावी आणि निवडणूक देणगी हा निवडीचा निकष नसावा असे लिहून ठेवले. उमेदवाराने आपल्या आणि जवळच्या कुटुंबीयांच्या देणग्यांची यादी समितीला द्यावी लागते. यादी येते, छापली जाते आणि देणगीदारांची नावेही येतच राहतात.

वाणिज्यदूतांचा घटनेत उल्लेख असला, तरी मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासाच्या प्रमुखाचे नाव त्या जागेसाठी स्वतंत्रपणे सिनेटपुढे जात नाही. परराष्ट्र सेवेतला अधिकारी म्हणून त्याला आधीच संमती मिळालेली असते आणि बदल्या खाते करते.

भारतातील जागा : नवी दिल्लीची जागा मानाची समजली जाते. चेस्टर बोल्स, जॉन केनेथ गालब्रेथ, डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन ही तिथे येऊन गेलेली मोठी नावे आहेत. मराठी वाचकाला सर्वांत जवळचे नाव रॉबर्ट गोहीन यांचे वाटेल. त्यांचा जन्म १९१९ मध्ये वेंगुर्ल्याचा. वडील तिथे मिशनचे डॉक्टर होते. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्षपद भूषवलेल्या गोहीन यांना १९७७ मध्ये जिमी कार्टर यांनी भारतासाठी निवडले. कार्टर यांनी जानेवारीत सूत्रे घेतली आणि त्याच वर्षी गोहीन दिल्लीत होते.

एरिक गार्सेटी यांचा अनुभव अगदी उलटा आहे. जानेवारी २०२१ मध्ये केनेथ जस्टर गेल्यावर जागा रिकामी झाली. जो बायडन यांनी जुलैमध्ये लॉस एंजेलिसचे महापौर गार्सेटी यांचे नाव दिले. जानेवारी २०२२ मध्ये समितीने ते मंजूर केले. मग, महापौर असताना आपल्या एका सहकाऱ्यावरील गैरवर्तनाच्या आरोपांकडे त्यांनी दुर्लक्ष केले, या आक्षेपावरून ते अडकले. आपल्याला काही ठाऊक नव्हते, असे गार्सेटी सांगत राहिले. जानेवारी २०२३ मध्ये नाव परत गेले, पुन्हा पाठवले गेले आणि १५ मार्च २०२३ रोजी ५२ विरुद्ध ४२ मतांनी मंजूर झाले. दोन वर्षांहून अधिक काळ दूतावास एकामागून एक आलेल्या प्रभारींनी चालवला. याच काळात मुंबईत पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीची प्रतीक्षा शेकडो दिवसांवर गेली होती. तिचे मूळ कारण कोविड आणि मनुष्यबळाची टंचाई हे होते. तरीही नातवंडाच्या जन्माला जाऊ पाहणाऱ्या आजी-आजोबांचे गाऱ्हाणे थेट व्हाइट हाऊसपर्यंत नेऊ शकेल असा माणूस दिल्लीत नव्हता, हे खरेच. त्यांच्यानंतरचे सर्जिओ गोर यांचे नाव मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये शंभराहून अधिक नावांच्या गठ्ठ्यात मंजूर झाले.

भारतात राजदूताच्या नेमणुकीला संसदेची संमती लागत नाही. सरकार ठरवते आणि राष्ट्रपतींच्या नावाने अधिकारपत्र निघते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले एम. सी. छागला १९५८ मध्ये असेच वॉशिंग्टनला गेले. १९७७ मध्ये, ज्या वर्षी वेंगुर्ल्यात जन्मलेले गोहीन सिनेटची संमती घेऊन दिल्लीला आले, त्याच वर्षी मुंबईचे विधिज्ञ नानी पालखीवाला जनता सरकारचे राजदूत म्हणून वॉशिंग्टनला रवाना झाले. त्यांना कोणत्याही संसदीय समितीपुढे बसावे लागले नाही.