१२९ खान्यांचा तक्ता: सी भाषेतील कॅरेक्टर-वर्गीकरणाची पार्श्वभूमी

सी भाषेतील 'इझअल्फा' (हे अक्षर आहे का?), 'इझडिजिट' (हा अंक आहे का?) ही फंक्शन्स एकाच कॅरेक्टरची, म्हणजे चिन्हाची, तपासणी करतात, तरीही त्यांना दिली जाणारी किंमत (आर्ग्युमेंट) 'कॅर' या एका बाइटच्या प्रकारात नसून 'इंट' या मोठ्या पूर्णांक प्रकारात असते. याचे कारण बेल लॅब्जने १९७९ मध्ये दिलेल्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत सापडते.

अक्षर ओळखण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते 'ए' आणि 'झेड' यांच्या दरम्यान आहे का, हे पाहणे. आस्की संकेतात (चिन्हांना क्रमांक देण्याच्या एका पद्धतीत) तो बिनचूक चालतो. आयबीएमच्या एब्सिडिक संकेतात मात्र 'आय' २०१ वर आणि 'जे' थेट २०९ वर असल्यामुळे मधली, अक्षरे नसलेली चिन्हेही अक्षरे ठरतात.

सातव्या आवृत्तीच्या सीटाइप हेडरने (या फंक्शन्सच्या व्याख्या असलेल्या फाइलने) तुलनेऐवजी तक्ता वापरला. त्याच्या प्रत्येक खान्यात मोठ्या लिपीसाठी १, छोट्या लिपीसाठी २, अंकासाठी ४ असे बिट होते. 'इझअल्फा' हा मॅक्रो, म्हणजे कोडचा छोटा साचा, खाना उचलून त्याची ३ शी (१ आणि २ मिळून) 'अँड' क्रिया करी, म्हणजे त्यांपैकी एखादा बिट आहे का हे पाही, आणि काम संपे. आस्कीची चिन्हे १२८, पण खाने १२९ होते, कारण फाइल संपल्याची खूण, म्हणजे उणे १, हिलाही पहिला खाना दिलेला होता. ही खूणही सामावून घ्यायची, म्हणून 'इंट'. इतकी काटकसरी आणि तरीही पूर्ण रचना मला आजही देखणी वाटते.

सी भाषेच्या १९८९ च्या आन्सी प्रमाणकाने हाच करार कायम केला: किंमत 'अनसाइन्ड कॅर'मध्ये (उणे किंमत नसलेल्या 'कॅर'मध्ये) मावणारी किंवा फाइल संपल्याची खूण असावी, अन्यथा परिणामाची हमी नाही. मराठी मजकुराशी काम करणाऱ्याला ही अट लगेच भिडते. यूटीएफ-८ या संकेतात 'क' म्हणजे २२४, १६४, १४९ हे तीन बाइट. 'कॅर' साइन्ड, म्हणजे उणे किंमतही घेणारा, असेल तर पहिलाच बाइट उणे ३२ होतो आणि शोध तक्त्याच्या आधीच्या मेमरीत जातो. म्हणूनच आधी 'अनसाइन्ड कॅर'मध्ये रूपांतर करणे आवश्यक आहे. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या सी लायब्ररीने तक्ता उणे १२८ पासून २५५ पर्यंत वाढवून हा धोका टाळला, पण त्यामुळे चूक लपूनही राहते.

शिवाय रूपांतर केले तरी एक बाइट म्हणजे 'क' नव्हे. त्यासाठी प्रमाणकाच्या १९९५ च्या दुरुस्तीने रुंद कॅरेक्टरांची (एका बाइटहून मोठ्या चिन्हांची) 'आयएसडब्ल्यूअल्फा'सारखी फंक्शन्स आणली. त्यांतही अंक म्हणजे केवळ इंग्रजी पद्धतीचे 0 ते 9. त्यामुळे ग्नूची लायब्ररी देवनागरी '५' ला अंकांत न धरता अक्षरांत बसवते.