पत्रा सरकतोय? गाइड आवळण्याआधी आलेख बघा

कॉइल उलगडून शीट कापणाऱ्या लाइनवर शीट गुण्यात (काटकोनात) येत नाही किंवा पत्रा लेव्हलरमध्ये, म्हणजे तो सपाट करणाऱ्या रोलरांत, एका बाजूला ओढला जातो, की पहिला हात जातो तो एज गाइडकडे, म्हणजे पत्र्याच्या कडा धरणाऱ्या मार्गदर्शकाकडे. पातळ पत्र्यात हे अंगाशी येतं. कड दुमडते आणि पत्रा मुळात का सरकत होता, तेही झाकलं जातं. म्हणून पत्र्याच्या दोन्ही कडांची जागा मोजणारे आमचे दोन्ही एज सेन्सर गाइडच्या आधी, डिकॉइलर (कॉइल उलगडणारं यंत्र) आणि लेव्हलरच्या मध्ये बसवायचे. गाइडनंतर बसवले तर ते सगळं आलबेलच दाखवणार, पत्रा तिथे जबरदस्तीने सरळ धरलेला असतो.

सेन्सर दोन का? दोन्ही रीडिंगच्या फरकाची निम्मी किंमत म्हणजे पत्र्याचा मध्य किती सरकला ते. बेरीज बदलली तर रुंदीच बदलली आहे. अनट्रिम्ड (कडा न कापलेल्या) कॉइलमध्ये हे सर्रास होतं आणि एकट्या सेन्सरला ते सरकल्यासारखंच दिसतं.

आता या सरकण्याचा लांबीप्रमाणे आलेख. सुरुवातीपासून ठरावीक अंतर एकाच बाजूला दिसत असेल, तर कॉइल मँड्रेलच्या (कॉइल आतून फुगून धरणाऱ्या दांड्याच्या) मध्यावर चढलेली नाही, हे सोपं.

लाट दिसली तर तिची लांबी मोजा. 1200 मिमी व्यासाच्या कॉइलचा बाहेरचा वेढा सुमारे 3.77 मीटर असतो, तर 508 मिमीच्या आतल्या व्यासाजवळ तोच 1.6 मीटरवर येतो. कॉइल संपत येईल तशी लाट आखूड होत गेली, तर कॉइल वाकडी चढली आहे किंवा मँड्रेलचे सेगमेंट सारखे फुगलेले नाहीत. लांबी शेवटपर्यंत तीच राहिली तर तिला 3.14 ने भागा आणि त्या व्यासाचा रोलर शोधा: 0.94 मीटरची लाट म्हणजे 300 मिमीचा रोलर.

हळूहळू एकाच दिशेला सरकत जाणारा पत्रा जास्त डोकं खातो. आधी कॉइलची बाजू बघा, वेढे बाहेर आलेले असतील तर ते लगेच दिसतं. मग लेव्हलरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का, ते तपासा. तरीही उत्तर नसेल तर कॅम्बर, म्हणजे पत्र्याची कडच लांबीत बाकदार असणं. 5 मीटरचा तुकडा सपाट जागी ठेवा, आत वळलेल्या कडेच्या दोन टोकांना दोरा ताणा आणि मधली फट मोजा. 2.5 मीटरवर हीच फट एक चतुर्थांश दिसते, म्हणून लहान तुकड्यावर फसू नका. कॅम्बर कॉइलमधलाच असतो, सेटिंगने तो जात नाही.

अलार्मसाठी रीडिंगची सरासरी वेळेवर नको, एन्कोडरवरून (पुढे गेलेला पत्रा मोजणारा सेन्सर) अर्ध्या मीटर लांबीवर घ्या. मग लाइन कातरण्यासाठी थांबते तेव्हा तीच ती रीडिंग पुन्हा पुन्हा मोजली जात नाहीत. सुरुवातीला ±2 मिमीला सूचना आणि ±5 मिमीला लाइन बंद, असं ठेवून मग तुमच्या मालाप्रमाणे बदला.

पत्रा फडफडत असेल तर सेन्सरजवळ आधाराचा रोलर द्या. सेन्सर अल्ट्रासॉनिक असेल तर हवेचा झोत त्यावर येऊ देऊ नका, ऑप्टिकल असेल तर काचेवरचं तेल पाळीगणिक पुसा. अर्थात लाइन बंद आणि लॉक करून.

सेटिंग बदलल्यावर शीटचे दोन्ही कर्ण मोजा. 2500 × 1250 शीटमध्ये कर्णांत 1.8 मिमी फरक आला, तर रुंदीभर काप सुमारे 1 मिमी तिरका गेला आहे.