लँडस्केपवाला आणि माळी: कोणाला कशासाठी बोलवायचं, आणि पैसे नेमके कुठे जातात

घर बांधून झालं, रंग वाळला, की अंगणाचा विषय निघतो. मग घरात दोन वाक्यं एकाच अर्थाने फिरायला लागतात: ‘लँडस्केपवाल्याला विचारू’ आणि ‘माळ्याला बोलवू’. जळगाव, धुळे, शिरपूर, नंदुरबार, नातेवाइकांकडे सगळीकडे मी हेच ऐकत आलो आहे. दोघंही झाडं आणतात, दोघंही माती उकरतात. त्यामुळे फरक आहे तो फक्त दराचा, एक महाग आणि दुसरा स्वस्त, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं आणि त्यात माझे लाखाच्या वर रुपये गेले. ही दोन कामं मुळातच वेगळी आहेत, आणि आपल्या खानदेशातल्या मातीत आणि उन्हात तर फारच वेगळी.

लँडस्केपवाला जागा घडवतो. अंगणाचा उतार कुठे, पावसाचं पाणी कुठून बाहेर जाणार, फरशी किती आणि माती किती, पाइप आणि वायर जमिनीखालून कुठून न्यायची, मोठं झाड भिंतीपासून किती लांब, हे त्याचं काम. ते एकदाच होतं आणि त्यातलं बरंचसं नंतर दिसतही नाही. माळी त्या जागेतली झाडं जगवतो: छाटणी, आळी, खत, कीड, पाण्याची पाळी. त्याचं काम कधी संपत नाही. माळ्याकडून उतार काढून घेणं आणि लँडस्केपवाल्याकडून मोगऱ्याची वर्षभर काळजी मागणं, दोन्ही चुकीचं.

आणखी एक शब्द यात मिसळतो, लँडस्केप आर्किटेक्ट. नुसती ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावायची तर १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते, पण ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ला त्याच कायद्याने यातून वगळलं आहे. ‘लँडस्केपर’ म्हणवून घ्यायलाही अशी कुठलीच अट नाही. कोणीही पाटी लावू शकतो. म्हणून पाटी पाहून ठरवू नका. दोन वर्षं झालेली त्याची एखादी बाग मे महिन्यात जाऊन पाहा. डिसेंबरात सगळ्यांच्याच बागा छान दिसतात.

माझं अंगण ७०० चौरस फुटांचं. काळी माती, वर बांधकामाचा भंगार: सिमेंटची ढेकळं, विटांचे तुकडे, थोडी वाळू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी येणार, त्याआधी बाग तयार हवी, असं मी फेब्रुवारीत ज्यांना काम दिलं त्यांना सांगून टाकलं. हे वाक्य मला सगळ्यात महाग पडलं. ज्याला तारीख देता तो तारखेला हिरवं दिसेल असं काम करतो. लॉनच्या लाद्या अंथरल्या, मोठी झाडं आणून लावली. आखाजीला फोटो सुंदर आले. त्यानंतर पारा ४५ च्या पुढे गेला आणि पंधरा दिवसांत लॉन कडेकडेने पिवळं, मग तपकिरी झालं. सावलीत वाढवलेल्या अरेका पामची पानं टोकापासून जळाली. जे वाचलं त्याची वाट पावसाळ्याने लावली: श्रावणात तीन दिवस झड लागली तेव्हा पाणी घराच्या जोत्याला येऊन थांबलं.

तेव्हा अमळनेरकडचे एक आबा आमच्याकडे माळीकामाला यायला लागले होते. त्यांनी काही न बोलता लॉनची एक लादी खुरप्याने उलटी केली. खाली बोटभर लाल माती, तिच्या खाली कडक काळी. गवताच्या मुळ्या लाल मातीतच आडव्या फिरलेल्या, काळ्यात एकही उतरलेली नाही. मधे लव्हाळ्याच्या गाठी, एकीला दुसरी जोडलेली, जपमाळेसारखी. ती माती ज्या शेतातून आली तिथूनच हा लव्हाळा आला. मग आबा म्हणाले, “दादा, पाणी मुरत नही, झाड काय करी?”

त्या संध्याकाळी त्यांनी मला एक परीक्षा शिकवली. कोणालाही कामाला बोलवण्याआधी ती करा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. अंगणात फूटभर लांब, फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा घ्या आणि पाण्याने भरा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळलेली असते, त्यामुळे पहिलं पाणी भराभर गायब होतं आणि आपण खूश होतो. त्यावर विश्वास ठेवू नका. माती भिजली की फुगते, भेगा मिटतात. म्हणून तो खड्डा पुन्हा भरा आणि सकाळी पाहा. आमच्या खड्ड्यात सकाळी चार बोटं पाणी तसंच होतं. अशा जागेत झाड लावणं म्हणजे त्याला मातीच्या हौदात उभं करणं. खड्डा सकाळी कोरडा असेल, अंगणाला उतार असेल, तर तुम्हाला लँडस्केपवाला लागणारच नाही कदाचित. एक चांगला माळी आणि मिरगाची वाट पाहण्याइतका धीर पुरेल. पाणी साचलेलं दिसलं तर मात्र आधी जमिनीचं काम करणारा माणूस हवा.

मग मी पहिलं कोटेशन काढून पुन्हा वाचलं. मागताना ते ‘एकरकमी’ होतं, १,१८,००० रुपये. फोड मी नंतर मागून घेतली होती. झाडं ३८,०००. दगडी पायवाट आणि पांढरे गोटे २१,५००. डिझाइन आणि मजुरी १८,०००. लॉन ५०० चौरस फूट, ३० रुपयांनी १५,०००. लाल माती आणि खत १३,५००. दिवे १२,०००. पाण्याच्या निचऱ्यापुढे एक ओळसुद्धा नाही. म्हणजे जमिनीखाली गेलेले पैसे साडेतेरा हजार, आणि बाकी सगळे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर. हे आकडे एका अंगणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील. पण कोटेशन हातात आलं की हीच वजाबाकी करा. खाली किती, वर किती.

वर कर आहे, तो लोक विसरतात. जीएसटीत नोंदणी असलेल्या लँडस्केपवाल्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. १,१८,००० वर तो २१,२४० होतो. जिवंत रोपांवर मात्र जीएसटी नाही. त्यामुळे झाडं स्वतः नर्सरीतून वेगळ्या बिलावर घ्यायची आणि मातीकाम, पाइप, फरशी, मजुरी याचंच कंत्राट द्यायचं, हे अनेकदा परवडतं. फक्त मग झाड मेलं तर जबाबदारी कोणाची, ते आधी बोलून घ्या. नर्सरीवाले ‘डिझाइन फुकट’ म्हणतात तेव्हा ते पैसे झाडांच्या भावात असतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

झाडांच्या यादीत ‘चाफा २, बोगनवेल ६, कण्हेर ८’ एवढंच लिहिलेलं असतं. यात पिशवीचा आकार नसेल तर ती यादी अर्धवट आहे. सहा इंची पिशवीतला चाफा आणि अठरा इंची पिशवीतला चाफा यांच्या किमतीत कित्येक पटींचा फरक असतो. खानदेशात मला लहान पिशवीतलंच झाड बरं वाटतं. मोठं झाड हलवताना मुळं तुटतात आणि वरचा पसारा तसाच राहतो. आपल्या उन्हात तो पसारा पोसायला त्याच्याकडे मुळं नसतात. मिरगात लावलेलं दीड फुटी कण्हेर दोन वर्षांत फेब्रुवारीत लावलेल्या मोठ्या झाडाच्या पुढे जातं. चित्रात छान दिसणारी एक्झोरासारखी झाडं आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात पिवळी पडतात. कुंपणाला कोनोकार्पस, म्हणजे ते झटपट वाढणारं परदेशी झाड, सुचवला तर नाही म्हणा. शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. बोगनवेल, कण्हेर, तगर, चाफा, मेंदी, अडुळसा, मागे कढीपत्ता आणि शेवगा: यांतलं काहीही मे महिन्यात सहसा मान टाकत नाही.

आणि लॉन. मी याबद्दल जास्त बोलतो, कारण सगळ्यात मोठा खर्च इथे लपलेला असतो आणि तो कोटेशनमध्ये कधीच नसतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे साधारण ४६ चौरस मीटर. मे महिन्यात दिवसाला ७ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तर रोज ३२० लिटरच्या वर जातं. हजार लिटरची टाकी तीन दिवसांत रिकामी. ज्या घरात उन्हाळ्यात नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येतं, तिथे हे पाणी टँकरचं असतं. लॉन हवंच असेल तर खाटेएवढं ठेवा आणि गवताची जात विचारून घ्या. बर्मुडा म्हणजे आपली हरळीच, तिला ऊन सोसतं. मेक्सिकन दिसतं मऊ, पण वाढतं हळू आणि उघडं पडलं की भरून यायला वेळ घेतं.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लँडस्केपवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा त्याच्या हातात झाडांचे फोटो नव्हते, पारदर्शक लेव्हल पाइप होता. एक टोक त्याच्या मुलाने फाटकाजवळ धरलं, दुसरं त्याने जोत्याला लावलं, पाणी स्थिर झाल्यावर दोन्हीकडे पेन्सिलीने खूण केली आणि टेपने खाली जमिनीपर्यंत मोजलं. साडेतीन इंच. माझं अंगण फाटकाकडून घराकडे साडेतीन इंच उतरत होतं. घराकडून बाहेर दर १० फुटांना निदान दीड-दोन इंच उतार हवा, तो इथे उलटा होता. वर्षभरात एवढी माणसं त्या अंगणात काम करून गेली, कोणी मोजलं नव्हतं. लँडस्केपवाल्याला पैसे द्यायचे ते या मोजण्याचे.

त्याने उतार फिरवला, जोत्याच्या कडेने खडी घालून ३५ फूट छिद्रांचा चार इंची पाइप टाकला, १६,०००. माती उकरून शेणखत आणि जाड वाळू मिसळली, ६,०००. ठिबक आणि टायमर ५,५००. लहान पिशवीतली झाडं ९,०००. एकूण ३६,५००. कोपऱ्यातला जुना निंब तोडू का, असं त्यानेच विचारलं आणि त्यानेच बजावलं की शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्याने महापालिकेची परवानगी लागते. निंब ठेवला. त्याच्या सावलीत आता खाट असते.

ठिबकचं वेगळं सांगायला हवं. जळगाव जिल्ह्यात केळीमुळे घराघरात ठिबक समजणारी माणसं आहेत. लँडस्केपवाला बागेच्या ठिबकचा भाव बागेसारखा लावतो. शेतात नळ्या जोडणारा फिटर तेच काम शेताच्या भावात करतो. २० झाडांना ताशी ४ लिटरचे ड्रीपर लावले की तासाभरात ८० लिटर लागतात. वर लॉनचा आकडा दिलाय तो ताडून पाहा. फक्त गाळणी लावायला विसरू नका. बोअरच्या पाण्यातले क्षार ड्रीपरच्या तोंडाशी पांढरे साचतात आणि एक झाड तहानेनं वाळतं तेव्हाच कळतं.

आता माळ्याचा खर्च. आबा महिन्यातून चार वेळा येतात, दोन-दोन तास, त्याचे १,६०० रुपये. मोठी छाटणी असेल तर पूर्ण दिवसाचे ७०० वेगळे. वर्षाला वीस हजारांच्या आसपास. म्हणजे दोन वर्षांत माळ्याचा खर्च लँडस्केपच्या खर्चाला गाठतो. बागेचं बजेट करताना लोक हा आकडा धरतच नाहीत, मग सहा महिन्यांनी माळी बंद करतात आणि लाखाची बाग गाजरगवतात जाते. आधी महिन्याला काय झेपेल ते ठरवा, त्यावरून बाग किती मोठी ते ठरवा. माळ्याशीही कामं मोजून बोला: खत कोणाचं, औषध कोणाचं, पाण्याची पाळी चुकली तर निरोप कोण देणार. हातावर पोट असलेला माणूस आहे, त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला, न मागता द्या.

लँडस्केपवाल्याचे पैसे मात्र टप्प्यांनी. मातीकाम आणि पाइप झाले की त्यावर माती टाकण्याआधी स्वतः उभं राहून बघा, फोटो काढा, मग दुसरा हप्ता. मातीचा हिशेब ब्रासमध्ये करा, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट: ५०० चौरस फुटांवर सहा इंच माती म्हणजे २५० घनफूट, अडीच ब्रास. ट्रॉली रिकामी होण्याआधी टेप लावा. माझ्याकडे तीन ब्रास लिहिलेली माती बोटभर निघाली, कारण मी त्या दिवशी ऑफिसात होतो. झाडांची हमी तीन महिन्यांची देतात. जूनमध्ये लावलेल्या झाडाला ती सप्टेंबरात संपते, आणि खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात असते. दहा टक्के रक्कम ३१ मेपर्यंत ठेवून घ्यायची, असं कामाच्या कागदावर लिहा. जो चांगला असतो तो याला हो म्हणतो. आमचा दुसरा म्हणाला, आणि ३१ मे नंतरच्या रविवारी येऊन पैसे घेऊन गेला. जाताना दोन मेलेल्या तगरींच्या जागी नवीन लावून गेला.