काडीला खाली-वर कळतं कसं?

वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी येते, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याच्या बादल्यांमधून वडाच्या फांद्या डोकावत असतात. आदल्या दिवशी पंचवटी कारंजावरून आणलेल्या, हळदकुंकू वाहिलेल्या, दोरा गुंडाळलेल्या. नाशिकच्या ज्या भागाचं नावच पाच वडांवरून पडलं, तिथे हे बघवत नाही. फांदी तोडू नका, असं दरवर्षी पोटतिडकीने सांगून झालं, काही फरक पडला नाही. म्हणून गेल्या वर्षी मी सांगणं सोडलं आणि फांद्याच उचलून आणल्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, न सुकलेल्या अकरा काड्या निघाल्या.

वड छाट कलमाने सहज लागतो. ज्येष्ठातली दमट, उबदार हवा आणि पहिल्या सरी, याहून चांगला मुहूर्त नाही. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत हाच उद्योग केलात तर काडी नुसती बसून राहते. मी वीत-वीतभर तुकडे केले, पांढरा चीक थांबेपर्यंत पाण्यात धरले, पानं काढली, कोकोपीट आणि वाळूच्या मिश्रणात खोचले आणि वरून प्लास्टिकची पिशवी ओढली. काडीला मुळं नसतात, त्यामुळे ती पुरेसं पाणी ओढू शकत नाही आणि अंगातलं पाणी मात्र उडत राहतं. पिशवी त्यासाठी.

तीन आठवड्यांनी पिशव्या उघडल्या. सात काड्यांवर लालसर टोकं फुटली होती. चार काड्या खालून काळ्या पडून मऊ झाल्या होत्या. पण त्या चारांतल्या एकीवर, मातीच्या वर, पिशवीतल्या दमट हवेत असलेल्या टोकापाशी, मोड आलेल्या मटकीसारखे तीन-चार पांढरे कोंब दिसले. मी आधी पालवीच समजले. भिंग लावलं, तर त्या मुळ्या निघाल्या! वरच्या टोकाला फुटून लगेच खाली वळलेल्या.

मग ट्यूब पेटली. वडाचं पान गळतं तिथे गोल व्रण राहतो आणि डोळा, म्हणजे नवा कोंब फुटण्याची जागा, नेहमी त्या व्रणाच्या वरच्या अंगाला असतो. या काडीवर डोळा व्रणाच्या खाली दिसत होता. चारही काड्या मी उलट्या खोचल्या होत्या. सगळी पानं काढून दोन्ही टोकं सारखीच कापल्यावर दुसरं काय होणार?

दिंडोरीकडे आमच्या ओळखीचे एक द्राक्ष बागायतदार काका आहेत. त्यांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले. "ताई, वरचा काप तिरपा, खालचा सरळ. डॉगरिजच्या, म्हणजे द्राक्षाच्या खुंटाच्या, काड्या पिशवीत भरायला आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच सांगतो."

तिरप्या-सरळ कापाची खूण माणसासाठी झाली. काडीला तिची गरज नव्हती. झाडापासून तुटून दिवस उलटला होता, मी तिला डोक्यावर उभी केली होती, तरी आपलं बूड कुठलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. कसं?

गुरुत्वाकर्षणामुळे, हे उत्तर चटकन सुचतं आणि ते चुकीचं आहे. हेरमान फ्योश्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये विलोच्या, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या भाऊबंदाच्या, फांद्यांचे तुकडे दमट जागी काही सुलटे तर काही उलटे टांगले होते. झाडावर असताना जे टोक बुंध्याकडे होतं, मुळं तिथेच जोमाने फुटली. तुकड्याचे आणखी तुकडे केले, तरी प्रत्येकाला आपापलं खाली-वर होतंच. लोहचुंबक तोडला की प्रत्येक तुकड्याला उत्तर-दक्षिण ध्रुव मिळतात, तसंच. म्हणजे दिशेची खूण काडीच्या टोकांना नसून पेशीपेशीत आहे.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येते. शेंड्याची कोवळी पानं ऑक्सिन नावाचं संजीवक तयार करतात. रोप उजेडाकडे वळतं ते याच द्रव्यामुळे. चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिसबरोबर १८८० मध्ये त्याचा माग काढला होता, द्रव्य हाती लागायला १९२०चं दशक उजाडलं. हे ऑक्सिन शेंड्याकडून बुंध्याकडे तासाला साधारण एक सेंटिमीटर वेगाने सरकतं. ते पाण्यासारखं ओघळत नाही, त्याला पेशी ढकलतात. काडी उलटी धरली की ते चक्क वर चढतं.

ढकलण्याची युक्ती अशी. ऑक्सिन हे सौम्य आम्ल आहे. शाळेतला सामू, म्हणजे पीएच, आठवा. पेशीच्या भिंतीतला ओलावा आम्लधर्मी असतो, सामू ५.५ च्या आसपास. तिथे ऑक्सिनच्या शंभरातले पंधराएक रेणू आपला हायड्रोजन घट्ट धरून असतात आणि त्यांच्यावर विद्युतभार नसतो. पेशीचं पटल तेलकट असल्यामुळे बिनभाराच्या रेणूला ते आत येऊ देतं. आत मात्र सामू ७ च्या आसपास. तिथे हायड्रोजन सुटतो, रेणूवर ऋणभार येतो आणि तेलकट पटल त्याला वाट देत नाही. आत येणं सोपं, बाहेर पडणं अवघड. आता हजारातले पाच-सहाच रेणू बिनभाराचे उरतात. (ज्यांना लॉगॅरिथम आठवतो त्यांनी ऑक्सिनचा ४.७५ हा पीके घेऊन पडताळून पाहावं. इतरांनी थेट पुढच्या ओळीवर यावं, काही बिघडत नाही.) बाकीच्या अडकलेल्यांना बाहेर सोडायला पेशीकडे खास प्रथिनं असतात, आणि ही दारं खोडातल्या पेशी प्रामुख्याने आपल्या बुडाच्या बाजूला बसवतात. दारातून बाहेर पडलेलं ऑक्सिन खालच्या पेशीच्या भिंतीत येतं, तिथून आत आणि पुन्हा बुडाच्या दाराने बाहेर. काडीची दिशा म्हणजे हजारो पेशींची एकाच अंगाला उघडणारी दारं.

या दारांना 'पिन' प्रथिनं म्हणतात. ज्या रोपात ती बिघडलेली असतात त्याचं खोड फुलांशिवाय टाचणीसारखं सरळसोट उरतं, म्हणून हे नाव. दारं बुडाशीच असणार, हा अंदाज प्रथिनं सापडण्याआधीच, १९७४ मध्ये रुबेरी आणि शेल्ड्रेक यांनी मांडला होता. हेच शेल्ड्रेक पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत तूर-हरभऱ्यावर काम करायला आले आणि नंतर निसर्गाला सामूहिक स्मृती असते असं सांगू लागले, ते मात्र विज्ञानजगताने मान्य केलं नाही. एकाच डोक्यातून दोन्ही निघालं. कल्पना कुणाची यापेक्षा ती तपासता येते का, हे बघावं लागतं.

काडी कापली की ऑक्सिनला पुढची पेशी उरत नाही. ते खालच्या कापापाशी साठतं आणि तिथल्या सालीखालच्या काही पेशी आपलं जुनं काम सोडून मूळ घडवायला घेतात. नर्सरीत मिळणारी आयबीएची पावडर म्हणजे ऑक्सिनचाच जरा टिकाऊ भाऊ. चिमूटभर पुरते. जास्त लावली तर बूड काळं पडतं. वडाला बहुधा तिचीही गरज नसते, पारंब्या सोडणाऱ्या झाडाला मुळं फोडायला काय शिकवायचं! गुटी कलमातही, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडतात तेव्हाही, हेच घडतं. सालीचं गोल कडं काढलं की मुळ्या कड्याच्या वरच्या काठाला येतात, कारण वरून येणारी साखर आणि ऑक्सिन तिथे अडतात.

बोन्साय हा याच प्रवाहाशी केलेला खेळ आहे. शेंड्याकडून ऑक्सिन येत असतं तोवर बाजूचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा खुडला की ते जागे होतात. द्राक्षवेलीच्या खरड छाटणीनंतर सात पानांवर शेंडा मारून सबकेन, म्हणजे बाजूची पोटकाडी, घेणारा आपला बागायतदार हेच करतो, फक्त एकरांच्या हिशेबाने. दुसऱ्या बाजूने, मुळांच्या टोकांशी तयार होणारं सायटोकायनिन हे दुसरं संजीवक वर जाऊन फुटव्यांना बळ देतं. दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून मुळं छाटली की तो पुरवठाही आटोक्यात येतो. 'बोन्सायमुळे घरातल्यांची वाढ खुंटते' असं वास्तुवाले सांगतात. बोन्साय वाढतच असतं, म्हणून तर सतत कात्री लागते. वाढायचं थांबलेलं बोन्साय मेलेलं असतं.

ऑनलाइन 'बोन्सायच्या बिया' विकतात, त्याही घेऊ नका. झाड ठेंगणं राहतं ते कात्रीने आणि कुंडीने. बोन्साय वडाचं बी जमिनीत पडलं तर रीतसर पार बांधण्याजोगा वड होईल. कात्रीचं फळांवर काही चालत नाही. उंबराचं बोन्साय केलंत तर पानं लहान होतात, उंबर मात्र नेहमीच्याच आकाराचं लगडतं.

बियांपासून करायचं तर चिंच घ्या. चिंचोक्याची एक बाजू पॉलिश पेपरवर घासून रात्रभर भिजत घाला. निंबोळी ताजीच पेरा, महिन्या-दोन महिन्यांत तिची उगवण पार घसरते. वडाचं बी खसखशीसारखं बारीक, ते पुरायचं नाही, ओल्या मातीवर भुरभुरायचं. बियांच्या रोपाला सोटमूळ येतं. ते पसरट कुंडीत बसत नाही, म्हणून लवकर छाटतात. काडीच्या रोपाला तो त्रास नाही, मुळं पहिल्यापासून बाजूला पसरतात.

सात सुलट्या काड्यांपैकी पाच जगल्या. यंदा शेजारच्या वहिनींनी पूजेसाठी फांदी आणली नाही, माझ्याकडची एक कुंडी नेली. परत आली तेव्हा बोटभर बुंध्याला सुताचे सात फेरे होते. सहा मी सोडवले, सातवा पानाआड राहिला. श्रावण संपता संपता पाणी घालताना तो दिसला. सालीत पुरता रुतला होता, आणि दोऱ्याच्या वरच्या बाजूला साल गोल अंगठीसारखी फुगली होती. खालच्या बाजूला तशीच बारीक.