थीम पार्कची आगाऊ नोंदणी कशी रूढ झाली?

सोलापूरहून थीम पार्कला जायचे, तर पुणे ओलांडून खोपोलीजवळचे इमॅजिका गाठावे लागते, नाहीतर उलट दिशेला हैदराबादचे वंडरला किंवा रामोजी फिल्म सिटी. दोन्हीकडचे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे मुलांच्या सुट्ट्या, रेल्वेचे आरक्षण आणि प्रवेशाची तारीख यांचा मेळ येथील कुटुंबांना निघण्यापूर्वीच घालावा लागतो.

एरवी आपल्याकडे खेळांची मजा नोंदणीवाचून चालत आली आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर गड्डा भरतो, तेव्हा आकाशपाळण्याचे तिकीट पाळण्याच्या खिडकीवर आणि मौत का कुआँचे तिकीट त्याच्या शिडीपाशी काढायचे असते. कोण कोणत्या दिवशी येणार हे कोणी आधी विचारत नाही.

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडचा आरंभीचा हिशेबही बराचसा असाच होता. १७ जुलै १९५५ रोजी ते निमंत्रितांसाठी उघडले, त्या दिवशी बनावट पास घेऊन शिरलेल्यांमुळे गर्दी अपेक्षेच्या कितीतरी पुढे गेली, खाद्यपदार्थ संपले आणि उन्हाने नवे डांबर इतके मऊ झाले की स्त्रियांच्या चपलांच्या टाचा त्यात रुतल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथे तिकिटांच्या वह्या आल्या. साध्या खेळांना ‘ए’ आणि १९५९पासून सर्वांत आकर्षक खेळांना ‘ई’ अशी प्रतवारी असल्याने लोक आपोआप वेगवेगळ्या खेळांकडे विभागले जात. १९८२मध्ये या वह्या बंद होऊन एकाच तिकिटावर सर्व खेळ खुले झाले. माझ्या मते नोंदणीचे मूळ येथेच आहे, कारण प्रत्येक फेरीचे पैसे मोजावे लागेनासे झाल्यावर लोकप्रिय खेळापुढची रांग आवरायला वेळेखेरीज दुसरे साधन उरले नाही. १९९९मध्ये आलेल्या ‘फास्टपास’ने ठराविक वेळेला परत येण्याची चिठ्ठी दिली, तर २०१६पासून अमेरिकेतील डिस्ने पार्कांत गर्दीच्या दिवसांचे एकदिवसीय तिकीट महाग झाले.

प्रवेशासाठीच दिवस नोंदवण्याची सक्ती मात्र कोविडची. मे २०२०मध्ये शांघायचे आणि जुलैमध्ये फ्लोरिडातील डिस्ने पार्क मर्यादित संख्येने उघडले, तेव्हा तिकीट असूनही तारखेची नोंदणी लागू लागली. फ्लोरिडात ९ जानेवारी २०२४पासून तारीख छापलेल्या तिकिटांसाठी ही वेगळी पायरी उरली नाही, कारण तिकीट हीच नोंदणी ठरली.

भारतात दिल्लीचे अप्पू घर १९८४मध्ये आणि मुंबईत गोराईचे एस्सेल वर्ल्ड १९८९मध्ये सुरू झाले, तेव्हा तिकीट म्हणजे दारावरची खिडकी. रेल्वेची तिकिटे २००२पासून इंटरनेटवर मिळू लागल्याने घरबसल्या तारीख निवडण्याची सवय लोकांना आधीच जडली होती, त्यामुळे २०१३मध्ये इमॅजिका आणि २०१६मध्ये हैदराबादचे वंडरला उघडले तेव्हा तेथील ऑनलाइन तिकीट कोणाला अवघड वाटले नाही.

दूरच्या गावांसाठी ही पद्धत मला हिताची वाटते. इतका प्रवास करून दारातून परत फिरण्याची वेळ कोणावर येऊ नये. पण गाडीचे आरक्षण प्रतीक्षा यादीत अडकले किंवा मूल आजारी पडले, तर तारीख बदलून मिळते का, हे पैसे भरण्यापूर्वी अटींमध्ये पाहिलेच पाहिजे. शाळेच्या सहलीचा गट असेल, तर पार्कच्या गट-नोंदणी विभागाशी बोलून मगच बस ठरवावी.