खाण्याचे व्यसन व लठ्ठपणा

पोट भरल्यावरही हात थांबत नाही, थांबायचे ठरवूनही जमत नाही आणि नंतर मन खात राहते, अशा खाण्याला खाण्याचे व्यसन म्हणतात. वैद्यकशास्त्राने त्याला अद्याप स्वतंत्र आजार मानलेले नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात २००९ साली तयार झालेली प्रश्नावली ते ओळखण्यासाठी वापरतात.

गोड आणि तळलेल्या पदार्थांनी मेंदूत डोपामिन हे सुखाची ओढ लावणारे रसायन स्रवते. सवय जडली की तेवढ्याच समाधानासाठी जास्त खावे लागते. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूला देते. लठ्ठ व्यक्तीत लेप्टिन सहसा भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देत नाही. अशा माणसाला ‘तोंडावर ताबा ठेव’ एवढेच सांगणे अन्यायाचे आहे.

झोप हा यातला सर्वांत दुर्लक्षित धागा. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेच्या कंपन्यांतली रात्रपाळी असो की ठाण्याहून रोजचा लोकलचा प्रवास, झोप तुटते आणि जेवण रात्री उशिरावर जाते. अपुऱ्या झोपेने भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते. त्यातून स्टेशनबाहेर वडापाव तळला जात असतोच. मानेभोवती चरबी साठली की झोपेत श्वास अडतो, माणूस घोरतो, दिवसभर पेंगतो, चिडचिडा होतो आणि पुन्हा खाण्याकडे वळतो.

भारतीयांत चरबी पोटाभोवती साठते, म्हणून आपल्याकडे शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २५ झाला की लठ्ठपणा धरतात. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तरी धोका असतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, यकृतात चरबी, गुडघेदुखी, स्त्रियांत पाळीच्या तक्रारी हे परिणाम परिचित आहेत.

मनावरचे परिणाम मात्र झाकलेले राहतात. नैराश्याने लठ्ठपणा वाढतो, लठ्ठपणाने नैराश्य. लग्नाच्या बैठकीतले शेरे आणि शाळेतले ‘जाड्या’ त्यात भर घालतात. मुले चोरून खायला लागतात. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय असल्याने ‘याला ठाण्याला न्या’ ही थट्टा चालते. अशा थट्टेच्या धाकाने अनेक जण मानसोपचार टाळतात आणि गुडघे दुखू लागल्यावरच डॉक्टर गाठतात.

उपचारांत वेळेवर जेवण, चालणे, विचार-वर्तन उपचार (विचार व सवयी बदलण्याचा मानसोपचार) आणि गरजेनुसार औषधे वा शस्त्रक्रिया येतात. उपास करून वजन उतरवले तर भूक वाढते आणि शरीर ऊर्जा कमी खर्चते, त्यामुळे वजन उतरल्यावरही देखरेख वर्षानुवर्षे लागते.